न धरलेली झील

काउंटरपॉइंट हा शब्द मी हल्ली इतका वापरते, की माझी मुलगी नाक मुरडते. भाषणात, पुस्तकाच्या परीक्षणात, नाटकावरच्या गप्पांत कुणी हा शब्द टाकला की माझे कान टवकारतात आणि बहुतेक वेळा मला राग येतो. लोकांना वाटतं, एकानं हो म्हटलं आणि दुसऱ्यानं नाही म्हटलं की झाला काउंटरपॉइंट. एक पात्र रडतंय, दुसरं हसतंय, घ्या काउंटरपॉइंट. अहो, त्याला विरोध म्हणतात, नाहीतर सरळ भांडण म्हणतात. त्यासाठी आपल्याकडे शब्दांची काही कमी नाही. हा शब्द गाण्यातला आहे आणि त्याचा अर्थ मला जयपूरला, विद्याधर नगरातल्या एका गच्चीवर, वाळलेले कपडे काढताना कळला. तो कुणी असा वाया घालवला की माझ्या जिवाला लागतं.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेच्या नव्या झोनचं मुख्यालय जयपूरला सुरू झालं तेव्हा माझ्या नवऱ्यानं तिकडे जायचा ऑप्शन दिला आणि बढती घेऊन आम्ही बिऱ्हाड हलवलं. ऑफिसात तो फायलींचा माणूस होता. ऑफिसबाहेर तो गाणारा होता. विदर्भ, खानदेश, मराठवाडा अशा चहूकडून आलेली आम्ही मूठभर बौद्ध कुटुंबं रविवारी कुणाच्या तरी घरी वंदनेला जमायचो, आणि वंदना झाली की हार्मोनियम पुढे सरकवलं जायचं. गाणी तोच लिहायचा, चाली तोच लावायचा, गायचाही तोच. गायचा म्हणजे काय, शेजारच्या सेक्टरमध्ये ऐकू जाईल असं. हार्मोनियमवर काळी चारच्या उंच पट्टीखाली गाणारा माणूस त्याला आजारी वाटायचा.

मी त्याच्या मागे झील धरायची. ज्यांनी आमच्याकडचं गाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढचा गायक ओळ म्हणत शेवटाला आला, की मागच्यांनी तिचं शेपूट पकडायचं आणि ओळ वर उचलून न्यायची, ती झील. पुढच्याचा दम तुटला तरी लोकांना तो तुटलेला कळता कामा नये. चांगल्या झीलकऱ्याला गायकाच्या पाठीवरूनच समजतं की आता हा कमी पडणार. मी त्या कामात फार पटाईत होते. आमचं लग्न जमलं तेच मुळी त्यामुळे. गावच्या कार्यक्रमात मी याची ओळ इतक्या झटकन उचलली, की यानं मागे वळून पाहिलं.

जयपूरला येऊन काही उन्हाळे गेले आणि त्याचा आवाज बसायला लागला. आधी आम्ही दोष धुळीच्या वादळांना दिला, मग कूलरच्या वाऱ्याला, मग कचोरीला. शेवटी डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. गाठ साधी निघाली, तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. पण ऑपरेशन झालं, बोलायची बंदी उठली आणि जो आवाज बाहेर आला तो आम्हा कुणाच्या ओळखीचा नव्हता. खोल, खरखरीत, लहानसा आवाज. वर्ध्याहून दिराचा फोन आला, यानं उचलून "बोल" म्हटलं आणि पलीकडून "राँग नंबर लागला वाटते" म्हणून फोन ठेवला गेला. आम्ही हसलो, पण तो हसला नाही.

डॉक्टर म्हणाले, "बोलायला हरकत नाही. वरचे सूर मात्र विसरा. जोर लावलात तर आहे तेही जाईल."

त्यानं हार्मोनियम माळ्यावर टाकलं. वंदनेला येणंही हळूहळू बंद केलं. ऑफिसचं काम आहे म्हणायचा. आला तरी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसायचा आणि गाणं सुरू व्हायच्या आत निघून जायचा. मंडळींनी मला पुढे बसवलं. त्याचीच गाणी मी गायची आणि माझ्या मागे झील धरणारे उरले पाचसहा जण. घरी तो मुकाट जेवायचा, बातम्या पाहायचा, झोपायचा. चीडचीड केली असती तरी मला चाललं असतं. मला सरळ भीती वाटायची की या माणसातलं गाणं गेलं तर उरेल काय? फायली उरतील. फायलींशी संसार कसा करायचा?

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई भाड्यानं राहायच्या. माझ्या मुलीच्या शाळेत संगीताच्या मॅडम होत्या. मूळच्या अजमेरच्या, ख्रिस्ती, वडील तिथल्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. माझी मुलगी त्यांच्या शाळेच्या गायनवृंदात होती, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की दोघी गच्चीवर सराव करायच्या. एकदा मी कपडे काढायला वर गेले, तर मुलगी एक गातेय आणि मॅडम भलतंच गातायत. मला वाटलं, पोरगी चुकली, सुरावरून घसरली. कपडे खांद्यावर टाकले आणि मॅडमची ओळ मोठ्यानं उचलून मी मुलीच्या मदतीला धावले. मुलगी अडखळली आणि गप्प झाली.

"दीदी, आपने तो उसे गिरा दिया!" मॅडम कळवळून म्हणाल्या.

"आई, मी बरोबर गात होते. मतलब, ते तसंच असतं," मुलगी म्हणाली. तिचं मराठी असं होतं, अर्धं शाळेतलं, अर्धं घरातलं. "माझी चाल वेगळी आहे, मॅमची वेगळी आहे."

"असं कुठं असते का?" मी म्हटलं.

मग मॅडमनी आपली चाल एकटीनं म्हणून दाखवली. पूर्ण चाल होती, तिला कशाची कमी नव्हती. मग मुलीनं आपली म्हटली. तीही पूर्ण. मग दोघींनी एकदम. मी कठड्याला टेकून ऐकत राहिले. एक चाल लांब सूर धरून थांबायची, तेव्हा दुसरी चालायची. ही वर चढायची तेव्हा ती खाली उतरायची. मधूनमधून कानाला गोड लागेल अशा भेटायच्या आणि पुन्हा आपापल्या कामाला जायच्या. कुणीही कुणाच्या साथीला नव्हतं. आमच्या गाण्यात एक जण पुढे चालतो आणि बाकीचे त्याच्या मागून. तंबोरा, पेटी, झील, सगळी त्याची माणसं. इथे दोघी चालत होत्या आणि मागे कुणीच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, याला काउंटरपॉइंट म्हणतात. रेल्वेवाल्याच्या बायकोला पॉइंट म्हटला की रूळ बदलायची जागा आठवते. मी तसं म्हटल्यावर मॅडम खूप हसल्या. म्हणाल्या, "यहाँ पटरी बदलना ही तो मना है."

त्या संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि डोक्यात एकच विचार होता. खालची चाल. थोड्या सुरांची, सावकाश, मंद्र सप्तकातली. ज्या जागी तो गाऊ शकतो त्या जागेतली. साथ म्हणून दिली तर तो तोंडावर फेकेल हे मला ठाऊक होतं. पण ती चाल साथ नसेल तर?

त्याला गच्चीवर न्यायला मी गाण्याचं नावच काढलं नाही. मॅडमचे वडील अजमेरच्या कारखान्यात होते, एवढंच सांगितलं. रेल्वेचा माणूस रेल्वेच्या गप्पांना नाही म्हणत नाही. वाफेच्या इंजिनांवरून गप्पा सुरू झाल्या, चहा झाला आणि मग मॅडमनी मुलीला खूण केली. दोघी गायल्या. तो आधी ओशाळला, मग त्याची मान हळूच एका बाजूला झाली. चाल ऐकताना ती अशी व्हायची. कित्येक महिन्यांत झाली नव्हती.

त्यानं विचारलं, "इसमें असली कौन-सी है?"

"दोनों," मॅडम म्हणाल्या.

"और सहारा कौन किसको देता है?"

"कोई नहीं. अपनी-अपनी पूरी गाओ, बस."

घरी आल्यावर मात्र तो बिथरला. "मले कळते तू काहून वर नेलं ते. मी आता खाली बसून हूं हूं करू? मले कोणाची दया नको."

"दया कोण करून राहिलं जी?" मीही आवाज चढवला. "तुमच्या गाण्याले दुसरी चाल लावणारा इथं दुसरा कोणी आहे का? असला तर सांगा, त्याले बोलावते."

दोन दिवस धुसफूस झाली. मग एका सकाळी उठून पाहते तर माळ्याखाली स्टूल लावलेलं. हार्मोनियमचा भाता उंदरानं कुरतडला होता. तो ते घेऊन चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका दुरुस्तीवाल्याकडे गेला आणि दुपारी परतला तो पेटी आणि प्याज की कचोरी घेऊन. कचोरी आणली म्हणजे स्वारी मजेत आहे. मी देवदेवता मानत नाही, नाहीतर त्या क्षणी हात जोडले असते.

गाणं त्यानं आपलंच निवडलं, रात्रशाळेला अनवाणी चालत जाणाऱ्या बाईचं. वरची चाल होती तीच ठेवली, ती मी गायची. खालची नवी बांधायची. सोपं नव्हतं. पहिली केली ती माझ्याच चालीची सावली निघाली, वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आणून ठेवलेली. मॅडमनी मान हलवली. दुसरी चांगली होती, पण माझी चाल जिथे धावते तिथेच तीही धावायची आणि दोघींचे शब्द एकमेकांत चेंगरायचे. तिसरी जमली. तिच्यात शब्द दोनच होते, "चालत ये." ती बाई रस्त्यावरून जातेय आणि शाळेतलं कुणीतरी तिला बोलावतंय, अशी ती चाल. एकटी ऐकली तरी पूर्ण होती.

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात हे गायचं असं ठरलं आणि आमच्या झीलकऱ्यांना गच्चीवर बोलावलं. तिथे जे सुरू झालं त्यानं मॅडम रडकुंडीला आल्या. निम्मे लोक माझ्याकडे, निम्मे त्याच्याकडे अशी वाटणी केली होती. पण त्याचा आवाज जरा बारीक झाला, की माझ्या बाजूचे झाडून सगळे त्याची ओळ उचलायला धावायचे. मी एखादा शब्द विसरले, की त्याच्या बाजूचे माझ्याकडे. काही वेळानं सगळे एकच चाल गात असायचे आणि मोठ्या समाधानानं एकमेकांकडे बघायचे. एवढ्या वर्षांची सवय ती. पडणाऱ्याला धरायचं, हेच तर आम्ही शिकलो होतो.

मॅडमनी शेवटी कपाळाला हात लावला. "आप लोग मेहरबानी करके एक-दूसरे की मदद करना बंद कीजिए!"

सगळे खो खो हसले आणि पुढच्याच ओळीला पुन्हा मदत केली. मग त्यांनी त्याच्या बाजूच्यांना पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभं केलं, माझ्या बाजूच्यांना कठड्याकडे. मंडळी त्यामुळे सुधारली. मी सुधारेना. त्याचा सूर संपत आला की माझं तोंड आपोआप त्याच्या ओळीकडे वळायचं. मला ते कळायच्या आधी ते झालेलं असायचं. एका संध्याकाळी मी असं तिसऱ्यांदा केलं आणि तो थांबला.

"तुले वाटते मी पडून राहिलो," तो म्हणाला. ओरडायचं होतं, पण ओरडायला आवाज नव्हता. "तू धरते म्हणून मी पडतो."

आणि सगळ्यांसमोर खाली निघून गेला. मी घरी गेल्यावर म्हणाला, "तू एकटी गा. माह्याच्यानं होत नाही." मी पुष्कळ बोलले, तो टीव्हीचा आवाज वाढवत गेला. मला वाटलं, संपलं. आता पेटी पुन्हा माळ्यावर जाणार आणि या वेळी ती तिथेच राहणार.

मॅडम म्हणाल्या, त्यांना मनवायचं सोडा, आधी तुमची धुन पक्की करा. इतकी पक्की, की शेजारी भांडी पडली तरी हलणार नाही. म्हणून मी पोळ्या लाटताना गायला लागले आणि त्याची चाल गायला मुलीला बसवलं. तिला सांगितलं होतं, मुद्दाम चूक, मुद्दाम थांब, मला पाड. आईला पाडायची अशी मुभा कुठल्या मुलीला मिळते? तिनं जीव तोडून वाईट गायलं. मधेच थांबायची, भलत्या सुरावर उगवायची, "चालत ये" ऐवजी "पळत ये" म्हणायची. पहिल्या दिवशी मी दर ओळीला पडले. दोन पोळ्या जळल्या. मग हळूहळू लाटणं आणि चाल एका लयीत बसली आणि पोरगी काय वाट्टेल ते करो, मी आपली चालत राहायला लागले.

चारपाच दिवस झाले असतील. तो बैठकीत क्रिकेट बघत होता. मुलीनं त्याच्या चालीची जी काही चिरफाड चालवली होती ती त्याला ऐकू जात होतीच. त्यानं आधी खाकरून पाहिलं. मग टीव्ही बंद झाला. मग तो स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"अशी नाही वं ते!" तो मुलीवर डाफरला. "कोणी शिकवलं तुले असं?"

आणि त्यानं ती म्हणून दाखवली. खालची, खरखरीत, सुरात. मी लाटणं थांबवलं नाही, माझी चाल थांबवली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर रडले असते आणि पोळी वातड झाली असती. कडवं पुरं झालं. तो म्हणाला, "हं, अशी," आणि पाणी पिऊन बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सरावाला तो माझ्याआधी गच्चीवर होता.

बुद्धपौर्णिमेला रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मोठाले कूलर घरघरतायत, उकाडा तरीही तसाच. आजवर तो पुढे आणि मी मागे बसायची. त्या दिवशी आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. पहिल्या रांगेत मॅडम आणि माझी मुलगी. लोकांना काही कल्पना नव्हती. दोघं दोन तऱ्हांचं गाऊ लागल्यावर मागून कुणीतरी "अरे, चुकले वाटते" म्हणालं तेही मला ऐकू आलं. पहिलं कडवं झालं आणि माना डोलायला लागल्या. लोकांना कळलं होतं.

दुसऱ्या कडव्यात त्याचा एक लांब सूर होता. तो त्यानं धरला, धरला, आणि सूर थांबला. पुढचा यायला हवा होता तिथे आला नाही.

झीलकऱ्यांची मानगुटं ताठ झालेली मला डोळ्यांच्या कडेनं दिसत होती. माझी चाल तेव्हा वर चढत होती. मनात म्हटलं, गेला आवाज. भर सभेत गेला. आता हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. घसा म्हणत होता धर, ओळ धर. मी चढत राहिले. एकटीनं. ती ओळ एवढी लांब आहे हे मला त्या दिवशी समजलं. त्याची ओळ कुणीच धरली नाही, पाचसहा जणांतल्या एकानंही नाही.

आणि खालून तो आला. अगदी जिथे यायचा तिथे. आधीपेक्षा भरलेला, सावकाश, "चालत ये." मला माझ्या तळपायांपाशी ऐकू यावा तसा तो सूर लागला होता. तिथून शेवटपर्यंत आम्ही दोघं गेलो, आणि शेवटच्या अक्षराला भेटलो. टाळ्या वाजल्या. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या हॉलमध्ये कळलं.

कार्यक्रमानंतर बाहेर पटांगणात खिरीचं वाटप चाललं होतं. तो द्रोण घेऊन भिंतीच्या कडेला उभा होता. भोवतीची माणसं पांगल्यावर मी जवळ गेले.

"मधात काय झालं होतं जी? आवाज बसला होता ना?"

"नाही वं. बसला कुठं?" त्यानं खिरीतला एक मनुका तोंडात टाकला. "श्वास घेऊन राहिलो होतो."

"एवढा वेळ?"

"मंग? तिथं जागा होती. घेतला पोटभर. ओळ संपायच्या आत तुम्ही लोकं उचलून पळत होते, तवा फुरसतच कुठं होती?" आणि माझ्याकडे पाहून तो हसला. "लग्नापासून पह्यल्यांदा श्वास घेऊ दिला तू."

मी त्याच्या दंडावर एक फटका मारला. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. त्यानं द्रोण चाटूनपुसून संपवला, मॅडमना हात करून बोलावलं आणि त्या येईपर्यंत माझ्याकडे वळून म्हणाला, "पुढच्या गाण्यात अशी जागा तुह्यासाठी पण ठेवतो." ऑपरेशननंतर पुढचं गाणं हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.